कॉपीलेफ्ट : सोलापुरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर शनिवारी संध्याकाळी नवी पेठेत एका दुकानाच्या माळ्यावर आम्ही पाच-सात जण जमतो. कुणी इंजिनिअरिंगला आहे, कुणी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चादरीच्या डिझाइन बसवतं, एक ग्रंथपाल मॅडम आहेत, एक निवृत्त मास्तर आहेत. जमायला लागलो ते लिनक्स ही मुक्त ऑपरेटिंग सिस्टीम शिकायला, पण गाडी हमखास सॉफ्टवेअरच्या परवान्यांवर येऊन अडकायची. मग तेच प्रश्न व्हॉट्सअॅपवर यायला लागले, रात्री अकरालासुद्धा. म्हणून एकदाचे लिहून काढले. मी वकील नाही. कोर्टाची पायरी चढायची वेळ आली तर वकील गाठा, मला नको.

१. कॉपीलेफ्ट म्हणजे काय, दोन वाक्यांत सांगा.

माझं काम वापरा, बदला, वाटा, विकासुद्धा. पण ते जसंच्या तसं किंवा बदलून पुढे कुणाला दिलंत तर त्यालाही हीच मोकळीक द्या, अशी अट घातलेला परवाना म्हणजे कॉपीलेफ्ट. सॉफ्टवेअरच्या बाबतीत ही मोकळीक कागदावरच राहू नये म्हणून सोबत सोर्स कोडही, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेला, वाचता-बदलता येणारा मूळ मजकूरही, द्यावा लागतो.

२. म्हणजे लेखकाने कॉपीराइट सोडून दिला, असंच ना?

नाही, उलट आहे. कॉपीराइट लेखकाकडेच राहतो आणि त्याच्याच जोरावर ही अट घालता येते. हक्कच सोडला तर अट कुठल्या तोंडाने घालणार? उद्या कुणी ते काम उचलून, चार ओळी बदलून, कुलूप लावून विकलं तरी तुम्ही काही करू शकणार नाही. कायदा तोच, फक्त दिशा उलटी : नेहमी कॉपीराइट ‘घेऊ नका’ म्हणतो, इथे तो ‘अडवू नका’ म्हणतो.

नावही त्या उलटेपणातूनच आलं. ‘ऑल राइट्स रिझर्व्ड’ची खोडी काढून ‘ऑल राइट्स रिव्हर्स्ड’ असं लिहिलेलं पत्र डॉन हॉपकिन्स नावाच्या प्रोग्रामरने १९८० च्या दशकाच्या मध्यात रिचर्ड स्टॉलमन यांना पाठवलं आणि त्यातला कॉपीलेफ्ट हा शब्द त्यांनी उचलला. त्याच्याही आधी, १९७६ मध्ये, टायनी बेसिक या प्रोग्रामिंग भाषेच्या एका आवृत्तीवर अशीच कोटी छापली गेली होती. उलट्या सीचं चिन्ह २०१८ मध्ये युनिकोडमध्येही आलं. दिसायला छान आहे, पण नुसतं ते चिन्ह टाकून कायद्याने काहीच होत नाही. परवान्याचं नाव लिहावंच लागतं (पाहा प्रश्न २०).

३. फ्री सॉफ्टवेअर म्हणजे फुकट सॉफ्टवेअर ना?

इंग्रजी शब्दाने केलेला घोळ आहे. आपल्याकडे ‘मुक्त’ आणि ‘मोफत’ असे दोन वेगळे शब्द तयार आहेत, ते वापरा म्हणजे निम्मे प्रश्न मिटतात. मुक्त सॉफ्टवेअरची चार स्वातंत्र्यं आहेत आणि प्रोग्रामरांच्या सवयीप्रमाणे ती शून्यापासून मोजतात : कशासाठीही चालवणं (०), आत काय आहे ते पाहणं आणि बदलणं (१), प्रती वाटणं (२), बदललेल्या प्रती वाटणं (३). यात पैशाचा उल्लेखच नाही. जीपीएल या सगळ्यात प्रसिद्ध कॉपीलेफ्ट परवान्याखालचा प्रोग्राम तुम्ही दहा हजारांना विकू शकता, फक्त घेणाऱ्याने तो शेजाऱ्याला फुकट दिला तर त्याचा हात धरता येणार नाही. तरीही धंदा होतो. लिनक्सभोवती सेवा विकणारी रेड हॅट कंपनी आयबीएमने २०१९ मध्ये ३४ अब्ज डॉलरला घेतली.

४. हे सगळं सुरू कुठून झालं?

अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये. तिथल्या प्रयोगशाळेत प्रोग्राम एकमेकांना देणं-घेणं ही रीतच होती. मग कंपन्या आल्या, कोड बंद झाला. सप्टेंबर १९८३ मध्ये तिथलेच प्रोग्रामर स्टॉलमन यांनी मुक्त ऑपरेटिंग सिस्टीम बनवायचा ग्नू प्रकल्प जाहीर केला, १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन स्थापन झालं.

पण कॉपीलेफ्टची गरज का पडली, ते ईमॅक्स या एडिटरच्या गोष्टीतून नीट कळतं. जेम्स गॉसलिंग यांनी लिहिलेल्या ईमॅक्समधला काही कोड स्टॉलमन यांनी आपल्या ग्नू ईमॅक्समध्ये घेतला होता. पुढे गॉसलिंग यांनी आपला प्रोग्राम एका कंपनीला विकला आणि त्या कंपनीने सांगितलं, आता आमचा कोड वाटायचा नाही. स्टॉलमन यांना तो भाग काढून नव्याने लिहावा लागला. त्यातला धडा असा, की तोंडी मोकळीक मालक बदलला की संपते. आधी प्रत्येक प्रोग्रामला वेगळा परवाना होता, मग १९८९ मध्ये सगळ्यांना चालेल असा जीपीएल आला. दुसरी आवृत्ती १९९१ ची, तिसरी २००७ ची. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९२ मध्ये लिनक्स कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, जीपीएलखाली आणला, आणि आज तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या तळाशी तोच कर्नल आहे, दुसऱ्या आवृत्तीच्या परवान्याखाली.

५. जीपीएल, एलजीपीएल, एजीपीएल, एमपीएल... यातला फरक एकदा सांगून टाका.

फरक एवढाच, की अट किती लांब पोचते. एमपीएलची अट फाइलपुरती : जी फाइल बदललीत ती खुली ठेवा, शेजारची तुमची फाइल बंद ठेवलीत तरी चालेल. लिबरऑफिस याच परवान्याखाली आहे. एलजीपीएल लायब्ररींसाठी, म्हणजे इतर प्रोग्रामांना जोडून वापरायच्या तयार कोडसाठी, आहे. लायब्ररी नुसती जोडून वापरलीत तर तुमचा प्रोग्राम बंद राहू शकतो, लायब्ररीतले बदल मात्र खुले करावे लागतात. जीपीएल पूर्ण प्रोग्रामला धरतो. एजीपीएल त्याच्याही पुढे जाऊन सर्व्हरवर पोचतो, त्याचं वेगळं उत्तर प्रश्न ९ मध्ये आहे.

६. एमआयटी, बीएसडी, अपाची हेसुद्धा खुलेच परवाने आहेत. मग कॉपीलेफ्टची कटकट कशाला?

खुले आहेतच. लेखकाचं नाव राहू द्या आणि काय हवं ते करा, एवढंच ते म्हणतात. अडचण पुढच्या माणसाची होते. अँड्र्यू टॅनेनबॉम या प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांसाठी मिनिक्स नावाचं ऑपरेटिंग सिस्टीमचं सॉफ्टवेअर लिहिलं. त्याची तिसरी आवृत्ती बीएसडी परवान्याखाली होती. २०१७ मध्ये उघड झालं, की इंटेलने ते आपल्या चिप्समधल्या मॅनेजमेंट इंजिनमध्ये (आत दडलेला छोटा वेगळा कॉम्प्युटर) वापरलंय. म्हणजे अगणित कॉम्प्युटरांत मिनिक्स बसलेलं आहे आणि कॉम्प्युटरच्या मालकाला ते उघडता येत नाही, बदलता येत नाही. टॅनेनबॉम यांनी जाहीर पत्रात तक्रारही फारशी केली नाही, एवढंच म्हटलं की सांगितलं असतं तर बरं वाटलं असतं. कायद्याने इंटेल चुकलं नाही. परवान्यानेच ती मुभा दिली होती.

माझं मत विचाराल तर : एखादं मानक किंवा छोटी लायब्ररी जगभर पसरावी असं वाटत असेल तर एमआयटी परवाना ठीक. पण वर्षभर रात्री जागून केलेलं काम असेल आणि ते कुणी कुलूपबंद केलं तर पोटात दुखणार असेल, तर कॉपीलेफ्टच घ्या. नंतर दुखलं तर औषध नाही.

७. जीपीएल विषाणूसारखा पसरतो, एक ओळ आली की सगळा प्रोग्राम गेला, असं सर म्हणतात. खरं का?

सरांना म्हणावं, विषाणू नाही, विरजण. विरजणाची वाटी दुधाच्या पातेल्याशेजारी ठेवली म्हणून दूध लागत नाही, ते घालावं लागतं. लिनक्सवर चालणारा तुमचा प्रोग्राम जीपीएल होत नाही. कर्नलच्या परवान्यासोबतच तसं स्पष्ट लिहून ठेवलंय. एकाच डिस्कवर दोन प्रोग्राम ठेवले तरी काही बिघडत नाही. जीपीएल कोड तुमच्या कोडमध्ये मिसळून एकच प्रोग्राम केलात आणि तो बाहेर दिलात, तेव्हाच प्रश्न येतो.

आणि तेव्हाही तुमचा कोड रातोरात आपोआप जीपीएल होत नाही. तुमच्याकडून कॉपीराइटचा भंग झालेला असतो, बस. निस्तरायचे दोन रस्ते आहेत : तो भाग काढून टाका आणि झालेल्या भंगाचं जे असेल ते भोगा, किंवा अट पाळा.

८. आमच्या टॉवेलच्या कारखान्यात जीपीएलचा स्टॉकचा प्रोग्राम बदलून वापरतो. बदल जगजाहीर करावे लागतील का?

नाही. हा गैरसमज इतका पक्का बसलाय की मी उत्तर द्यायचं सोडणार होतो. जीपीएलची अट वापरण्यावर नाही, देण्यावर आहे. कारखान्याच्या चार भिंतींत, पन्नास कॉम्प्युटरांवर का असेना, तुम्ही काय बदललं हे कुणालाही सांगायला तुम्ही बांधील नाही. बदल करून घ्यायला बाहेरचा प्रोग्रामर बोलावलात आणि फक्त तुमच्याच कामासाठी त्याच्या हाती कोड दिलात, तर जीपीएलची तिसरी आवृत्ती त्यालाही स्पष्ट परवानगी देते.

तोच प्रोग्राम शेजारच्या कारखान्याला विकलात की मात्र ‘देणं’ झालं. आता त्या कारखान्याला सोर्स मिळायला हवा. फक्त त्यांना, सगळ्या सोलापूरला नाही. अर्थात त्यांनी तो पुढे सगळ्या सोलापूरला वाटला तर तुम्ही अडवू शकत नाही. रेड हॅटने २०२३ मध्ये नेमकं हेच टोक पकडून आपल्या लिनक्सचा सोर्स ग्राहकांपुरता मर्यादित केला, त्यावर केवढा गदारोळ झाला. अक्षराला धरून आहे की भावनेलाही, यावर आमच्या माळ्यावर अजून भांडण चालू आहे.

९. प्रोग्राम कुणाला दिलाच नाही, सर्व्हरवर ठेवून ब्राउझरमधून वापरायला दिला तर?

साध्या जीपीएलखाली सुटलात. लोक प्रोग्राम वापरतात, पण त्याची प्रत त्यांच्याकडे जात नाही. ही पळवाट बुजवायलाच २००७ मध्ये एजीपीएलची तिसरी आवृत्ती आली : तुम्ही बदललेला प्रोग्राम लोक नेटवर्कवरून वापरत असतील तर त्यांना सोर्स मागता आला पाहिजे. पतसंस्था, क्लासेस, दवाखाने यांच्यासाठी ऑनलाइन प्रणाली बनवणाऱ्या आपल्या पोरांनी वापरलेल्या प्रत्येक घटकाचा परवाना पाहून घ्यावा. काम संपल्यावर पाहतात. तेव्हा पाहून उपयोग नसतो.

१०. ग्राहकांना वर्डप्रेसच्या साइट करून देतो. थीम माझी आहे. ‘कॉपी करू नये’ असं करारात लिहू का?

वर्डप्रेस जीपीएलखाली आहे आणि थीम, प्लगिनमधला पीएचपी कोड त्याच्यात इतका गुंतलेला असतो, की वर्डप्रेसवाले त्यालाही जीपीएलच लागू होतो असं मानतात. तेव्हा त्या कोडवर ‘कॉपी करू नये’ ही अट घालू नका. पीएचपी फाइल हाच सोर्स असल्याने वेगळं काही द्यावं लागत नाही. ग्राहकाचा मजकूर, फोटो, लोगो यांचा जीपीएलशी संबंध नाही. तुमची कमाई साइट उभी करण्याची आणि ती चालू ठेवण्याची आहे, तेवढी करारात नीट मांडा.

११. इंकस्केप नाहीतर गिंपमध्ये चादरीची डिझाइन काढली. सॉफ्टवेअर जीपीएल आहे, म्हणून डिझाइनही सगळ्यांची झाली का?

नाही. पेन्सिल कुणाचीही असो, चित्र काढणाऱ्याचं. प्रोग्रामचा परवाना प्रोग्रामला लागतो, त्यातून निघालेल्या कामाला नाही. ब्लेंडरमधला सिनेमा, लिबरऑफिसमधलं पत्र, गिंपमधली डिझाइन, सगळ्यांना हेच लागू.

१२. मग त्या चादरीच्या डिझाइनला मी स्वतःहून कॉपीलेफ्ट लावू शकतो का?

सोलापूरचा म्हणून हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, आणि उत्तर सगळ्यात अडचणीचं आहे.

आधी काम कसं चालतं ते पाहू. आमच्यातले एक डिझाइनर काका अजूनही पहिला आराखडा चौकटीच्या कागदावर काढतात. एक चौकट म्हणजे उभा धागा आणि आडवा धागा जिथे भेटतात ती जागा. भरलेली असेल तर उभा धागा वर, रिकामी असेल तर खाली. पूर्वी या चौकटींवरून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडायचे, पट्ट्या दोऱ्याने एकमेकींना बांधून माळ करायचे आणि ती जकार्डच्या, म्हणजे मागावरच्या नक्षी विणणाऱ्या यंत्राच्या, डोक्यावर चढायची. आता तीच चौकट फाइलमधला पिक्सेल झाली आणि इलेक्ट्रॉनिक जकार्ड ती वाचतो. काका म्हणतात, ‘आम्ही तुमच्याआधीपासून प्रोग्राम लिहितोय, फक्त कुणी सांगितलं नाही.’ पट्ट्यांची ती युक्ती फ्रान्समध्ये जकार्डने १८०४ च्या सुमारास पक्की केली, तेव्हा काकांचं म्हणणं खोडता येत नाही.

आता कायदा. भारतीय कॉपीराइट कायदा १९५७, कलम १५. जी डिझाइन डिझाइन कायदा २००० खाली नोंदवता आली असती पण नोंदवली नाही, तिच्या मालकाने किंवा त्याच्या परवानगीने दुसऱ्याने यंत्रावर तिचे पन्नासपेक्षा जास्त नग काढले, की त्या डिझाइनवरचा कॉपीराइट संपतो. एक्कावन्नावी चादर मागावरून उतरली, हक्क गेला. आणि कॉपीलेफ्ट उभा असतो कॉपीराइटच्या खांद्यावर (प्रश्न २), खांदाच गेल्यावर तो कसा उभा राहणार? यंत्रमागावर एक्कावन्न नग म्हणजे काही फार मोठा आकडा नाही.

नोंदणी केली तर दहा वर्षं आणि वाढवून आणखी पाच वर्षं संरक्षण मिळतं, पण तो वेगळा हक्क आहे. तो वापरायला द्यायचा असेल तर वेगळा करार लिहावा लागेल. क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेचा तयार परवाना (पाहा प्रश्न १६) त्याला पुरत नाही. शिवाय नोंदणी करायची तर डिझाइन आधी कुठे प्रसिद्ध झालेली नसावी. म्हणजे नेटवर टाकून मग नोंदवू, हे जमत नाही.

मग काकांनी काय करावं? मी त्यांना सांगितलं : तुमचा चौकटी कशा भरायच्या याचा धडा, रंगांची जुळणी समजावणारी टिपणं, काढलेले फोटो यांना खुशाल त्याच संस्थेचा बीवाय-एसए हा कॉपीलेफ्ट परवाना लावा. ते लेखन आहे, त्याला कलम १५ लागत नाही. नातवाला शिकवावं तसं लिहून ठेवलंत तर डिझाइनपेक्षा ते जास्त टिकेल.

१३. पण ‘सोलापुरी चादर’ला भौगोलिक मानांकन आहे ना? तेही सगळ्यांचंच असतं.

सगळ्यांचं नाही, इथल्या उत्पादकांचं. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल दोन्हींना मानांकन आहे, पण ते नावाचं रक्षण करतं : दुसरीकडे विणलेल्या मालावर हे नाव लावू नका. डिझाइनची नक्कल ते थांबवत नाही. कॉपीलेफ्ट बाहेरच्याला आत घेतो, मानांकन बाहेरच्याला बाहेर ठेवतं. मला दोन्ही पटतात.

१४. शेंगा चटणीच्या कृतीला कॉपीलेफ्ट लावायचा आहे.

शेंगदाणे, लसूण, तिखट, मीठ, जिरं, आणि उखळात तेल सुटेपर्यंत कुटणं. यावर कुणाचाच कॉपीराइट नाही, त्यामुळे कॉपीलेफ्टही नाही. तुम्ही आजीच्या आठवणींसकट ती ज्या शब्दांत लिहिलीत, त्या शब्दांवर मात्र आहे.

१५. संस्थेच्या स्मरणिकेत विकिपीडियाचा लेख छापला. आता अख्खी स्मरणिका कॉपीलेफ्ट झाली का?

नाही. विकिपीडियाचा मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या बीवाय-एसए परवान्याखाली असतो. २००९ पर्यंत तो जीएफडीएल या दुसऱ्या परवान्याखाली होता, २०२३ पासून बीवाय-एसएची ४.० ही आवृत्ती आहे. २००३ पासून चालू असलेल्या मराठी विकिपीडियालाही हेच लागू. तो लेख छापताना तीन गोष्टी द्या : कुठून घेतला, परवाना कोणता, काही बदललंत का. लेखात भर घातलीत किंवा काटछाट केलीत तर तो बदललेला लेखही त्याच परवान्याखाली. शेजारचं अध्यक्षांचं मनोगत आणि पाठच्या जाहिराती त्यात येत नाहीत.

गोची पहिल्या पानावर होते. तिथे सवयीने ‘सर्व हक्क राखीव’ छापलेलं असतं. त्यापुढे ‘पान अमुकवरील लेख वगळून’ एवढं जोडा. आणि लेखातले फोटो वेगवेगळ्या परवान्यांचे असू शकतात, प्रत्येकावर टिचकी मारून पाहा.

१६. क्रिएटिव्ह कॉमन्स म्हणजे कॉपीलेफ्टच ना? मी ‘धंद्यासाठी वापरू नये’वाला घेतला आहे.

क्रिएटिव्ह कॉमन्स ही २००१ मध्ये स्थापन झालेली संस्था. तिचे परवाने डिसेंबर २००२ मध्ये आले आणि ते सहा प्रकारचे आहेत. त्यातला ‘एसए’, म्हणजे ‘पुढेही असंच वाटा’ हा भाग कॉपीलेफ्टचा. ‘बीवाय’ म्हणजे नाव द्या, ‘एनसी’ म्हणजे धंद्याला बंदी, ‘एनडी’ म्हणजे बदलाला बंदी. मुक्त संस्कृतीच्या व्याख्येत बसणारा कॉपीलेफ्ट एकच : बीवाय-एसए.

एनसी लावताना लोकांच्या डोळ्यासमोर मोठी कंपनी असते. अडकतो कोण? दोन रुपये पान घेऊन नोट्स छापणारा झेरॉक्सवाला, फी घेणारा छोटा क्लास. विकिपीडियाचा फोटोसंग्रह असलेलं विकिमीडिया कॉमन्सही एनसी फोटो घेत नाही. एनडी तर आपल्या गावात सरळ चुकीचं आहे. इथे घरात तेलुगू, बाजारात कानडी आणि शाळेत मराठी चालते. एनडी लावलेल्या पुस्तिकेचं तेलुगू भाषांतरही वाटता येत नाही, कारण भाषांतर म्हणजे बदल. बीवाय-एसए असेल तर कुणालाही विचारायची गरज नाही, फक्त तेलुगू पुस्तिकेवरही तोच परवाना येईल.

कोडला मात्र हे परवाने लावू नका, ती संस्थाच तसं सांगते. कोडला जीपीएलचं घराणं आहे.

१७. गड्डा यात्रेतले नंदीध्वजांचे फोटो बीवाय-एसएखाली टाकले. वर्तमानपत्राने न विचारता छापले. तक्रार करू?

तुमचं नाव आणि परवाना छापला असेल तर त्यांनी विचारायची गरजच नव्हती. तुम्ही आधीच सगळ्या जगाला परवानगी दिली आहे. बातमीशेजारी फोटो लावला म्हणून बातमी बीवाय-एसए होत नाही. नाव नसेल तर कळवा. ४.० आवृत्तीत चूक लक्षात आल्यापासून ३० दिवसांत दुरुस्त केली तर परवाना पुन्हा चालू होतो.

जे हौसेने टाकतात त्यांच्यासाठी एक सूचना. परवाना फोटोच्या हक्काचा असतो, फोटोतल्या माणसाच्या संमतीचा नाही. यात्रेत संमती कट्टा नावाच्या जागी अक्षता सोहळ्याला उभी असलेली गर्दी वेगळी आणि एखाद्या बाईचा जवळून टिपलेला चेहरा वेगळा. दुसरा फोटो उद्या तेलाच्या जाहिरातीत दिसू शकतो, आणि परवान्याने तुम्हीच तशी मुभा दिलेली असेल.

१८. शाहीर राम जोशींच्या लावण्या आम्ही टाइप करून नेटवर टाकतोय. त्यांना बीवाय-एसए लावू ना?

लावू नका, लावता येत नाही. राम जोशी १८१२ मध्ये वारले. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतात. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून त्यांचं लेखन २०११ पासून सगळ्यांचं झालं. राम जोशी तर आपल्या सोलापूरचेच, आणि त्यांची लावणी केव्हाच सगळ्यांची झाली आहे. टाइप करण्याच्या कष्टांतून तिच्यावर नवा हक्क तयार होत नाही, आणि जिथे हक्क नाही तिथे अटही नाही (पुन्हा प्रश्न २).

नवं काय आहे तेवढं वेगळं ओळखा. तुम्ही लिहिलेल्या टिपा, अवघड शब्दांचे अर्थ, प्रस्तावना तुमची : त्यांना बीवाय-एसए लावा. दुसऱ्या संपादकाच्या अलीकडच्या पुस्तकातल्या टिपा त्याच्या : त्या उचलू नका. आणि आजच्या गायिकेने म्हटलेल्या लावणीचं रेकॉर्डिंग हा आणखी वेगळा हक्क आहे. ग्रंथपाल मॅडमनी हे ऐकून तिथल्या तिथे फाइलचे दोन भाग केले.

१९. आधी लावलेला परवाना परत घेता येतो का? किंवा बदलता?

ज्यांना काम त्या परवान्याखाली मिळालं, त्यांच्याकडून परत घेता येत नाही. पुढची आवृत्ती वेगळ्या परवान्याखाली काढता येते, पण त्यातला शब्द न् शब्द तुमचा असेल तरच. इतरांचा हात लागला असेल तर त्या प्रत्येकाची संमती हवी. व्हीएलसी प्लेअरचं इंजिन जीपीएलवरून एलजीपीएलवर नेताना जुन्या-जुन्या लोकांना शोधून काढून एकेकाची परवानगी घ्यावी लागली. लोकांनी मिळून भरलेल्या ओपनस्ट्रीटमॅप या नकाशाने २०१२ मध्ये परवाना बदलून ओडीबीएल हा दुसरा परवाना घेतला, तेव्हा ज्यांनी होकार दिला नाही त्यांनी भरलेली माहिती नकाशातून काढावी लागली. रस्ते होते, नकाशावरून गेले.

याच्याच जवळचा प्रश्न : काम नोकरीत केलं असेल तर? कराराने वेगळं ठरलं नसेल तर नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा हक्क पहिल्यांदा नोकरी देणाऱ्याचाच असतो. त्याला न विचारता परवाना लावू नका. कॉलेजचा प्रोजेक्ट सहसा विद्यार्थ्याचा, पण प्रवेशाच्या वेळी कशावर सही केली ते वाचा.

२०. मी नुसतं ‘कोणीही वापरा’ लिहिलं तर पुरत नाही का?

मी तेच केलं होतं. मराठीतून लिनक्स शिकवणाऱ्या साठेक पानांच्या नोट्स होत्या. शेवटी ‘कोणीही वापरा’ लिहिलं आणि पीडीएफ सोडून दिली. दोन वर्षांनी एक विद्यार्थिनी एका क्लासची छापील पुस्तिका घेऊन आली. मुखपृष्ठ चकचकीत, आत ‘सर्व हक्क राखीव, झेरॉक्स काढल्यास कारवाई’, आणि तेविसाव्या पानावर मी हाताने काढलेली आकृती, ‘डिरेक्टरी’तला ‘र’ खाल्लेला, तसाच. माझ्याच नोट्सची झेरॉक्स काढायला ती घाबरत होती. क्लासवाल्याला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, ‘सर, तुम्हीच लिहिलंय ना, कोणीही वापरा?’ चूक त्याची नव्हती. अट मीच घातली नव्हती.

कायद्यातही अशा मोघम वाक्याचे हाल होतात. परवाना लेखी हवा. आणि मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं, प्रदेश लिहिला नाही तर तो भारतापुरता धरतात. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ मधला हा नियम ‘कलम ३०-अ’मुळे परवान्यांनाही लागतो. बीवाय-एसए ४.० मध्ये जगभर आणि कॉपीराइट असेपर्यंत, असं दोन्ही लिहून ठेवलेलं आहे. म्हणून घरी परवाना रचू नका. कोडसाठी सोबत परवान्याची पूर्ण फाइल ठेवा आणि प्रत्येक फाइलच्या डोक्यावर नाव, वर्ष, परवाना लिहा.

२१. आणि अट मोडली तर? जीपीएल कोर्टात टिकतो का?

टिकला आहे. २००४ मध्ये म्युनिकच्या कोर्टात लिनक्सच्या फायरवॉलवर काम करणाऱ्या हाराल्ड वेल्टे यांनी साइटकॉम कंपनीविरुद्ध जीपीएल मान्य करून घेतला. पण बहुतेक वेळा कोर्टाआधीच मिटतं. लिंक्सिस कंपनीच्या निळ्या-काळ्या राउटरमध्ये लिनक्स आहे, हे २००३ मध्ये लोकांच्या लक्षात आलं. त्यांनी सोर्स मागितला, दबाव वाढला, कंपनीने दिला. त्या कोडवरूनच ओपनडब्ल्यूआरटी उभं राहिलं, आणि कंपन्यांनी टाकून दिलेल्या राउटरांना लोक आजही त्याच्यावर जगवतात. आमच्या माळ्यावर आहे तो त्यातलाच.

तुम्हाला भंग दिसला तर आधी साधं पत्र लिहा : कोणतं उत्पादन, कोणता प्रोग्राम, काय मिळालं नाही. जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीत पहिल्यांदा चुकलेल्याने सूचना मिळाल्यापासून ३० दिवसांत सुधारलं तर त्याचे हक्क परत येतात. दावा ठोकायचा हक्क कोडच्या लेखकाचा, तेव्हा त्यालाही कळवा. फेसबुकवर बोंब शेवटी.

२२. बरं, मग माझ्या नोट्सवर नेमकं काय लिहू? तयार ओळ द्या.

घ्या. माझ्या नोट्सच्या दुसऱ्या आवृत्तीवर, पहिल्याच पानावर, हीच आहे. फक्त नाव आणि वर्ष बदला :

‘© २०२४, अमुक तमुक, सोलापूर. ही पुस्तिका क्रिएटिव्ह कॉमन्स बीवाय-एसए ४.० आंतरराष्ट्रीय परवान्याखाली आहे. नाव देऊन वापरा, बदला, छापा, विका. बदललेली पुस्तिका पुढे दिलीत तर तीही याच परवान्याखाली द्या.’

तेविसाव्या पानावरचा ‘र’ मी अजून दुरुस्त केलेला नाही.